शनिवारचं इंजेक्शन

४ मार्च, बुधवार

आरोग्य खात्याच्या नव्या योजनेत माझा दवाखाना निवडला गेला. निवडला म्हणजे काय, डॉक्टरांच्या संघटनेची बैठक होती, मी गेलो नाही, आणि जो येत नाही त्याचं नाव घालायची आमच्यात पद्धत आहे. योजना अशी की फॅमिली डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी सहा महिने एका छताखाली काम करायचं आणि आपसातलं सहकार्य वाढवायचं. दर आठवड्याला अनुभव लिहून पाठवायचा. फॉर्ममध्ये त्यासाठी दोन ओळी सोडल्या आहेत. पहिल्याच दिवसाचा अनुभव दोन ओळींत मावेना, म्हणून ही वही काढली.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एक बाई आहेत, चाळिशीच्या. त्याही डॉक्टरच. पण दोघांना डॉक्टर म्हटलं तर पेशंटांचा गोंधळ होईल. गोंधळ नको म्हणून मी डॉक्टर राहिलो आणि त्या बाई झाल्या. त्यांना विचारलं नाही, पण त्यांची हरकत दिसली नाही.

दर बुधवारी त्या मागच्या खोलीत बसणार. तिथे जुने केसपेपर, एक मोडका वजनकाटा आणि सलाइनचा स्टँड होता. बाईंनी तीनच गोष्टी मागितल्या. एका उंचीच्या दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि बंद होणारं दार. दार गेली वीस वर्षं रंगाने चिकटून उघडंच आहे. सुतार बोलवावा लागला. दवाखान्यात दार लावून काय करणार, असं त्याने मला विचारलं. मलाही नीट सांगता आलं नाही.

दुपारी बाई म्हणाल्या, "तुम्ही पेशंटला आत येण्याआधीच, बाहेर सगळ्यांसमोर विचारता? जुलाब थांबले का म्हणून?"

"वेळ वाचतो," मी म्हटलं. "आणि इथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं."

"म्हणूनच विचारलं," बाई म्हणाल्या.

कंपाउंडर कान टवकारून उभा होता, म्हणून मी पुढे बोललो नाही. माझ्याकडे मुद्दा होता. आता आठवत नाही.

७ मार्च, शनिवार

साडेअकराला बाइंडर येऊन गेला. त्याच्याबद्दल लिहून ठेवतो, कारण बाईंना अशा पेशंटमध्ये रस असेल आणि मला त्यांना तो द्यायचा नाही.

बाइंडर माझ्याच वयाचा, अठ्ठावन्नचा. बाजाराच्या पलीकडे त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, वरच्या खोलीत राहतो. माझी सगळी रजिस्टरं त्यानेच बांधली आहेत, नेहमी उशिरा आणि नेहमी सुंदर. गेली सहा वर्षं दर शनिवारी तो इंजेक्शन घ्यायला येतो. खांदा भरतो, पाठ जळते, डोकं जड होतं. सगळ्या तपासण्या केल्या, काही म्हणजे काही निघालं नाही. मी ताकदीचं इंजेक्शन देतो. त्याने अपाय होत नाही. उपाय होतो असंही पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे बाइंडर येत नाही.

तो बाही वर करून बसतो आणि पाच-सात मिनिटं बोलतो. चिकटवायची खळ कशी धरत नाही, कोणी कसलं फाटकं पुस्तक आणलं, ते उघडल्यावर आत काय सापडलं. मग मी सुई टोचतो, तो बाही खाली करतो आणि म्हणतो, "चला, आठवडा निघेल आता." तेवढंच.

त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. दुखणं त्याच वर्षी सुरू झालं. बायको हिशोबाचं आणि गिऱ्हाइकांचं बघायची, ते सगळं अंगावर पडल्यामुळे खांदा भरत असावा.

११ मार्च, बुधवार

बाईंकडे आज कोणी गेलं नाही. सगळे त्या नव्या दाराकडे बघत होते. शेवटी कंपाउंडरला दया आली आणि त्याने बाहेर जाऊन मोठ्याने विचारलं, "मनाचं कोणाला दाखवायचंय का?" त्यावर दोघे उठून घरी गेले. त्यातल्या एकाला नुसता खोकला होता.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "जे वारंवार येतात आणि ज्यांच्या तपासण्यांत काही सापडत नाही, त्यांची यादी द्याल?"

"तो माझा अर्धा दवाखाना आहे," मी म्हटलं.

"मग अर्ध्यापासून सुरू करू."

बाई हे हसून म्हणाल्या नाहीत. त्या विनोद करतात की नाही, हे अजून माझ्या लक्षात आलेलं नाही.

१४ मार्च, शनिवार

शेवटी बाईंकडे जायला बाइंडरलाच सांगितलं. दुसरं कोणी माझा शब्द मोडणार नाही याची खात्री नव्हती.

"म्हणजे मला वेड लागलंय असं म्हणायचंय का तुम्हाला, डॉक्टर?"

"छे हो! बाई नवीन आहेत. दिवसभर रिकाम्या बसतात, बघवत नाही. तुम्ही आपलं जाऊन बसा जरा."

"बोलू काय?"

"मला सांगता तेच. खळीचं वगैरे."

तो कबूल झाला. भला माणूस आहे, दुसऱ्याची अडचण त्याला लगेच कळते.

१८ मार्च, बुधवार

बाइंडर दार लावून पन्नास मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. सुताराने दार घासल्यापासून तिथे भुसा उडतो, झाडून घ्यायला सांगितलं पाहिजे.

तो गेल्यावर मी सहज बाईंना विचारलं, काय म्हणाला?

"त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील तुम्हाला," बाई म्हणाल्या.

हे मला लागलं. तीस वर्षं मी या माणसाला ओळखतो. त्याचं गळू मी फोडलं, त्याच्या बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही माझी आहे. आणि पन्नास मिनिटं ओळखणारी बाई मला सांगणार नाही. मीही मग तो दर शनिवारी येतो, बसतो, बोलतो, यातलं काही सांगितलं नाही. "इंजेक्शन चालू" एवढंच केसपेपरवर आहे. खळीच्या गप्पा काही वैद्यकीय माहितीत मोडत नाहीत.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही रुसलाय."

मी रुसलेलो नाही. जेवलो नाही, कारण भूक नव्हती.

२५ मार्च, बुधवार

बाईंनी एक पद्धत सुचवली, ती चांगली आहे. दोघांचं मिळून एकच रजिस्टर. डावं पान माझं, निळ्या शाईत. उजवं पान त्यांचं, लाल शाईत. प्रत्येक पानावर शेवटचा रकाना "पुढची जबाबदारी" असा. शिवाय दर बुधवारी तीनला चहा आणि दहा मिनिटं चर्चा.

पहिल्याच चर्चेत खटका उडाला.

"बाइंडरचं इंजेक्शन बंद करता येईल का?" बाईंनी विचारलं. "दुखणं खांद्यात आहे असं त्यांना दर आठवड्याला सुईने सांगितलं जातंय. तोवर दुसरं काही बोलणं अवघड जातं."

"सहा वर्षं त्या सुईवर चाललाय तो."

"चाललेत खरे. बरे झालेत का?"

मी एक बिस्किट घेतलं. मग म्हटलं, ठीक आहे, बंद. सहकार्य म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं, असं योजनेच्या पुस्तिकेत आहे. बाईंनी मनापासून आभार मानले. मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं.

२८ मार्च, शनिवार

बाइंडर आला, बसला, बाही वर केली. मी त्याला सांगितलं, आजपासून सुई नाही.

तो बराच वेळ बाही तशीच धरून बसला.

"मग शनिवारी यायचं नाही?"

"या की! दवाखाना उघडाच असतो."

"पण येऊन करू काय?"

मी हसलो. तोही हसला. मी म्हटलं, "आता तुमचं सगळं बाई बघतील. त्या सांगतील तसं करा, सांगतील तेव्हा या."

"बरं," तो म्हणाला आणि बाही खाली केली. इतक्या सहज मानेल असं वाटलं नव्हतं. डाव्या पानावर लिहिलं, "इंजेक्शन बंद. पेशंटने समजूतदारपणे स्वीकारलं. पुढची जबाबदारी: बाई."

साडेअकरा ते पावणेबारा मोकळा मिळाला. रक्तदाबाचं यंत्र पुसलं.

८ एप्रिल, बुधवार

खात्याचे अधिकारी तपासणीला आले होते. त्यांनी रजिस्टर उलटं-सुलटं पाहिलं आणि खूश झाले. एकही रकाना रिकामा नाही. बाकीच्या दवाखान्यांत म्हणे दोन डॉक्टर एकमेकांना चिठ्ठ्या लिहून भांडतात. आमचं इतकं सुरळीत आहे की गेल्या बुधवारपासून तीनचा चहासुद्धा बंद केला. पेशंट वाढलेत, वेळ नसतो, आणि सगळं रजिस्टरमध्ये असतंच. मी माझं पान लिहितो, बाई त्यांचं लिहितात. त्यांचं पान मी वाचायला घेतलं होतं, पण त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे. हे मला बरं वाटलं.

अधिकाऱ्यांनी रजिस्टर मध्ये ठेवून आमचा फोटो काढला.

११ एप्रिल, शनिवार

आज मन प्रसन्न आहे. बाइंडर आला होता, आणि काय सांगू, माणूस बदललाय! गेल्या वर्षीची चारही रजिस्टरं बांधून घेऊन आला. जूनच्या आधी मी कधी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही.

"सगळ्यांचं देऊन टाकलं," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं पडून होतं लोकांचं. ज्यांची बांधून झाली त्यांना बांधून, बाकीच्यांना तशीच परत. आता दुकानात एक पान नाही कोणाचं."

"नवीन कामं?"

"नाही घेत."

"शाब्बास! आराम करा जरा. झोप लागते?"

"हल्ली छान लागते."

चेहरा शांत, दाढी गुळगुळीत. सहा वर्षं खांदा धरून यायचा, आज खांद्याचं नावही काढलं नाही. त्याच्याकडे कागदाची घडी दाबायची एक हाडाची पट्टी आहे, वडिलांच्या वेळची, हात लागून लागून पिवळी पडलेली. ती त्याने माझ्या टेबलावर ठेवली. "राहू द्या तुमच्याकडे. पत्रं फोडायला बरी." मी नको म्हणत होतो, पण त्याचा आग्रह मोडवेना. जाताना सवयीने बाही वर केली, मग त्याचं त्यालाच हसू आलं.

बाईंचं कौतुक करायला हवं. माझ्या सहा वर्षांत जे झालं नाही ते त्यांनी तीन बुधवारांत केलं. हे लिहिताना थोडा त्रास झाला, पण खरं ते खरं. डाव्या पानावर: "लक्षणीय सुधारणा. झोप उत्तम. कामाचा ताण पूर्ण कमी. पुढची जबाबदारी: बाई."

१८ एप्रिल, शनिवार

बायको म्हणते मी शनिवारी चिडचिड करतो. आज कंपाउंडरवर ओरडलो, कारण साडेअकराला त्याने दुसराच पेशंट आत सोडला. त्या वेळेला कोणी नसतं हे खरं, पण म्हणून कोणीही?

जेवताना ती म्हणाली, "बाइंडरांच्या दुकानाची पाटी उतरवलीय. बघितलीत का?"

"रंगवायला दिली असेल."

"शेजारच्या चांभाराला विचारलं मी. तो म्हणाला, पाटी फोडून जळणात दिली त्यांनी. आणि कुंड्या सगळ्या त्याला देऊन टाकल्या."

"अगं, आवराआवर करतोय. मोकळा झालाय माणूस."

तिने भांडी जरा जोरात ठेवली एवढंच. मला वाटलं, कुंड्या तिला हव्या होत्या.

२२ एप्रिल, बुधवार

सगळं क्रमाने लिहितो.

पुढच्या महिन्यात आरोग्य खात्याची परिषद आहे. आमचा दवाखाना आदर्श म्हणून निवडलाय, आणि एका बऱ्या झालेल्या पेशंटची हकीकत, नाव न घेता, दोघांनी मिळून सांगायची आहे. कोणाची, हे ठरवायला तीनचा चहा पुन्हा ठेवला.

मी म्हटलं, "तुमचा बाइंडर घेऊ. सुरेख काम केलंत."

बाई म्हणाल्या, "मी तेच म्हणणार होते. तुमचा बाइंडर. सुई सोडवलीत आणि तरी माणूस सांभाळलात."

दोघेही खूश होतो. मग मी मोठ्या उत्साहाने त्यांना सुधारणा सांगितल्या, एकेक बोट मोडत. लोकांची सगळी पुस्तकं परत केली. नवीन काम घेत नाही. झोप छान. पाटी उतरवली. कुंड्या देऊन टाकल्या. वडिलांची पट्टी मला दिली. पाचवं बोट मोडून सहाव्याला दुसरा हात काढला, तेव्हा बाईंनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"अकरा तारखेला. तुमच्याकडे येतोच ना तो?"

"माझ्याकडे एक तारखेनंतर आलेले नाहीत. मी त्यांना सांगितलं, डॉक्टर दर आठवड्याला तपासतील आणि त्यांनी पाठवलं की या."

"मी सांगितलं, बाई बोलावतील तेव्हा या."

रजिस्टर काढलं. डाव्या पानावर निळ्या शाईत, पुढची जबाबदारी: बाई. उजव्या पानावर लाल शाईत, पुढची जबाबदारी: डॉक्टर. एकही रकाना रिकामा नाही.

"हे सांगायला नको, पण सांगते," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले होते, शनिवारपर्यंत कसंबसं ओढत नेतो, शनिवार झाला की पुढचा आठवडा मिळतो. मला वाटलं, आठवडा संपतो म्हणून म्हणत असतील. शनिवारी काय असतं?"

"साडेअकराला इंजेक्शन," मी म्हटलं. "आणि त्याआधी पाच मिनिटं तो बोलतो."

तीस वर्षांत पेशंट बसलेले असताना मी दवाखाना सोडलेला नाही. आज सोडला. कंपाउंडरला म्हटलं, व्हिजिटला चाललोय. तो म्हणाला, दोघेही? स्कूटरवर मागे बाई बसल्या. वाटेत कोणीतरी नमस्कार केला, मी केला नाही. एरवी सात मिनिटं लागतात, आज चार लागली. त्या चार मिनिटांत माझ्या मनात एवढंच येत होतं की पट्टी मी घ्यायला नको होती.

जिना चढून दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. पुन्हा वाजवलं. मग आतून कडी निघाली.

बाइंडर समोर उभा होता. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्यावर खेकसलोच, "दार उघडायला एवढा वेळ?" बाईंनी माझ्या कोपराला हात लावला, तेव्हा गप्प बसलो.

"या ना," तो म्हणाला. "दोघेही? कोणी आजारी आहे का?"

खोली इतकी आवरलेली होती की बसायचा धीर होईना. भिंतीशी खोकी रचलेली आणि प्रत्येकावर त्याच्या सुबक अक्षरात चिठ्ठी, कोणाचं ते. एकावर "डॉक्टर" असं होतं. आत काय ते मी विचारलं नाही.

बाई खाली सतरंजीवर बसल्या. मीही बसलो, गुडघे दुखले. बाईंनी कसलीही प्रस्तावना केली नाही.

"तुम्ही मरायचं ठरवलंय का?"

तीस वर्षांत मी कोणाला हे विचारलेलं नाही. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल, असं मला वाटायचं. बाई नंतर म्हणाल्या, तसं होत नाही, नसलं तर येत नाही आणि असलं तर बाहेर पडायला वाट मिळते.

बाइंडरने घाबरून बघितलं नाही, रागावलाही नाही. खांदा दुखतो हे सांगायचा त्याच आवाजात म्हणाला, "हो."

"कधी?"

"आज नाही. शनिवारी."

"शनिवारीच का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा ओशाळून, मला वाईट वाटेल म्हणून.

"शनिवार मोकळा झाला ना," तो म्हणाला.

मला काय वाटलं ते इथे तरी लिहायला हवं. लाज वाटली, आणि भीती, मागाहून आलेली. हा माणूस माझ्यासमोर येऊन एकेक गोष्ट देऊन गेला आणि मी प्रत्येक वेळी शाब्बास म्हटलं.

बाई त्याच्याशी तासभर बोलल्या. मी मध्ये बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, काही दिवस हॉस्पिटलमध्ये राहाल का, मी तिथे रोज असते. तो म्हणाला, "चालेल. खालचं कुलूप तेवढं बघून येतो." मी म्हटलं मी बघतो. त्याला एकट्याला जिना उतरू द्यायचा नव्हता.

हॉस्पिटलात भरतीच्या फॉर्मवर पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या सहीला एकच ओळ आहे. "चूक माझी," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, माझी. तिथेच व्हरांड्यात आमची यावर जुंपली. वॉर्डातल्या नर्सने दोघांना बाजूला व्हायला सांगितलं.

सातला दवाखान्यात परतलो. एकतीस पेशंट बसून होते. एका म्हातारीने विचारलं, "कोण गेलं, डॉक्टर?"

"कोणी नाही," मी म्हटलं आणि आत जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत होतो.

२५ एप्रिल, शनिवार

आज दवाखाना बंद ठेवला. कंपाउंडरने दारावर "डॉक्टर कामात आहेत" असा कागद लावला. आजवर मी कामात असलो की दवाखाना उघडा असायचा.

वॉर्डात भेटीची वेळ चार ते सहा. मी सकाळी आठलाच गेलो. पांढरा कोट घालून, जो वीस वर्षांत घातला नव्हता. पोटावर बटणं लागत नाहीत, पण कोणी अडवलं नाही. बायकोने डबा दिला. निघताना म्हणाली, "बोलायला काही सुचलं नाही तर नुसतं बसा. सारखे सल्ले देऊ नका."

बाइंडर खिडकीशी बसला होता. गोळ्यांनी जरा सुस्त. मला बघून त्याने बाही वर केली नाही. मी बॅगही नेली नव्हती.

दिवस असा गेला. नऊपर्यंत काही बोललो नाही. साडेनऊला तो म्हणाला, वॉर्डातल्या फायलींची शिवण वाईट आहे. मी म्हटलं, हो. अकरानंतर तो घड्याळाकडे बघायला लागला. साडेअकराला मी खुर्ची जवळ ओढली. सहा वर्षं याच वेळेला तो माझ्याशी बोलला आणि मी तेवढ्यात सिरिंज भरत असायचो. आज हातात काही नव्हतं.

त्याने बायकोचं सांगितलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक पुस्तक न्यायला आलं आणि याने बांधून दिलं, उशीर न करता. तेव्हापासून त्याला ते खुपतंय, की त्या दिवशी हात चाललेच कसे. सगळं सांगायला त्याला दीड तास लागला. मी एकदा रक्तदाब बघू का म्हणणार होतो, माझ्या बायकोचं सांगणं आठवलं, गप्प राहिलो. मग मला रडू आलं. त्यालाही. पलीकडच्या कॉटवरच्या माणसाने कूस बदलली.

दुपारी डबा दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. तो झोपला, मी खुर्चीत बसून राहिलो. चार वाजता बाई आल्या. त्यांची आज सुट्टी होती. त्यांनी मला कोटात पाहिलं. त्या विनोद करत नाहीत, पण आज त्यांना सुचला होता हे दिसलं.

बाइंडर उठला. "किती वाजले?"

"सव्वापाच."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पावणेसहा. आम्ही तिघे बसून होतो. बाहेर अंगणात कोणी दोरीवरचे कपडे काढत होतं, वाऱ्याने ते हातातून सुटत होते आणि आम्ही तेच बघत होतो.

सहाला नर्स दारात आली. वेळ संपली म्हणाली.

"गेला की शनिवार," बाइंडर म्हणाला. जरा नवल वाटल्यासारखा.

"रात्र आहे अजून," बाई म्हणाल्या. "ती मी बघते. मी इथेच झोपणार आहे, शेजारच्या खोलीत. उद्या सकाळी मी आहे आणि दुपारी दोनला डॉक्टर येतील."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, "दोनला. येतो."

बाइंडर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आणि सोमवारी कोण?"

सोमवारचं ठरवायला आम्हाला दहा मिनिटं लागली, त्याच्यासमोर. नर्स तोवर दारात उभी होती.